आक्षेप लेखी द्या

“हात पुढे.”

सामना सुरू व्हायच्या आधी आमचे पंच एवढंच म्हणायचे. दोन्ही संघांच्या चौदा मुली ओळीने उभ्या राहायच्या, हात पुढे करायच्या आणि ते एकेकीसमोर वाकून नखं बघत जायचे. आधी पालथा हात, मग उताणा. त्यानंतर मनगटापासून कोपरापर्यंत अंगठा फिरवून बघायचे, कोणी तेल चोळून आलंय का. तेल लावलं की समोरच्याची पकड सुटते, नख वाढलं की समोरच्याची कातडी निघते, म्हणून कबड्डीत दोन्ही चालत नाही. नियम सगळ्याच पंचांना ठाऊक असतो. बहुतेक जण दुरून नजर टाकतात आणि शिट्टी वाजवतात. हे एकशे चाळीसच्या एकशे चाळीस नखं बघायचे.

तुम्ही मुलुंडला डोंगराकडच्या मैदानावर कधी सामना बघितला असेल तर त्यांना पाहिलंच असेल. पांढरी पँट, पांढरा शर्ट, गळ्यात शिट्टी आणि शर्टाच्या खिशात नेलकटर. प्रेक्षक कंटाळायचे. “काका, मुली बघायला आलाय की मॅच खेळवायला?” असं मागून कोणीतरी ओरडायचं आणि हशा व्हायचा. ते वळूनही बघत नसत. एखादं नख वाढलेलं सापडलं की खिशातलं नेलकटर त्या मुलीच्या हातात ठेवायचे आणि म्हणायचे, “नखं आत, मग तू आत.” मुली त्यांच्यामागे त्यांना नेलकटरकाका म्हणायच्या. त्यांना ते माहीत होतं आणि त्याबद्दलही त्यांचं काही मत नव्हतं.

मी गुणलेखक. म्हणजे मैदानाच्या कडेला टेबल टाकून कोणाला किती गुण मिळाले ते लिहिणारा. एरवी एका शाळेच्या ऑफिसात लिपिक आहे, अक्षर बरं आहे, एवढ्यावर मंडळाने मला हे काम दिलं आणि मी वीस-बावीस वर्षं ते करतो आहे. या कामाची एक सोय अशी की जे झालं ते लिहायचं. झालं ते बरं की वाईट हे कोणी आपल्याला विचारत नाही.

त्यांचंही तसंच होतं, फक्त माझी ती सवय होती आणि त्यांचं ते व्रत होतं. मुलुंडच्याच एका छोट्या कारखान्यात ते चाळीस वर्षं इन्स्पेक्शनला होते. मशीनवरून आलेल्या पार्टला गेज लावायचं, बसला तर पास, नाही बसला तर रिजेक्ट. कोणत्या मशीनवरचा, कोणत्या कामगाराचा, हे बघायचं नाही. मैदानातही ते याच डोळ्यांनी बघायचे. आमच्याच मंडळाच्या मुलीला बाद देताना त्यांचा हात कधी अडखळला नाही, आणि आम्ही हरलो म्हणून त्यांचा चहा कधी गार झाला नाही.

मत म्हणून ते कशावरच देत नसत. निवडणूक असो, सोसायटीचं पाणी असो, टपरीवरचा चहा असो. त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, सांगायच्या, “आमटीत मीठ जास्त झालंय का विचारलं तर म्हणतात, तुला काय वाटतं?” आम्ही त्यांना डिवचायचो. ते म्हणायचे, “मत घरी ठेवून आलोय.” आणि घरी विचारावं तर वहिनींची ही तक्रार.

त्यांचं दुसरं वाक्य तुम्ही ऐकलंच असेल. उपनगरांतल्या पाच-सहा मंडळांनी मिळून स्पर्धांसाठी एक समिती केली आहे. तिच्या नियमात यांनीच एक कलम घालून घेतलं होतं. खेळाडूबद्दल कोणाला आक्षेप असेल तर सामन्याआधी पंचाकडे सहीनिशी लेखी द्यायचा. तसा आक्षेप आला की समितीचा निर्णय होईपर्यंत त्या खेळाडूने बाहेर बसायचं. नाही आला तर तोंड बंद ठेवायचं. त्यासाठी ते एक शंभर पानी वही जवळ बाळगायचे. एखाद्या मंडळाचा माणूस बाह्या सरसावत आला, की “ती पोरगी आमच्या विभागातली नाय, बाहेरून आणलीय” वगैरे सुरू व्हायचं. हे वही उघडून त्याच्यासमोर धरायचे.

“आक्षेप लेखी द्या.”

“अहो काका, लिहायचं काय त्यात? मी सांगतोय ना तुम्हाला.”

“सांगितलंस ते वाऱ्यावर गेलं. नाव लिही, सही कर.”

तो माणूस वहीकडे बघायचा, आजूबाजूला बघायचा आणि “जाऊ द्या, खेळवा” म्हणत मागे सरकायचा. ती वही मी पाहिली आहे. कडा पिवळ्या पडल्या होत्या. पहिल्या पानावर श्री काढलेला होता आणि बाकी सगळी कोरी होती.

अशा माणसासमोर मानसी येऊन उभी राहिली.

मानसी आमच्याच आळीतली. पूर्वी ती आमच्या मंडळाच्या मुलांच्या संघातून खेळायची, डाव्या कोपऱ्यावर. तेव्हाचं नाव मी लिहीत नाही, तिला ते आवडत नाही. विशीत तिने खेळ सोडला आणि घरही काही काळ सोडलं. पाच-सहा वर्षांनी परत आली ती मानसी म्हणून. मधल्या काळात तिचे उपचार झाले, कागदपत्रं बदलून झाली, घरात जी रडारड व्हायची ती झाली. आता ती घाटकोपरच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्ताचे नमुने घेते, आणि तिची आई भाजी आणायला तिला बरोबर घेऊन जाते. आळीने आधी खिडक्यांतून बघितलं, मग दारातून बघितलं, आणि मग गॅसचे भाव वाढले तेव्हा बघायचं सोडून दिलं.

एका रविवारी ती मैदानात आली आणि मुलींच्या सरावाला उतरू का म्हणून विचारलं. मुलींची हरकत नव्हती. तेव्हा हे मैदानाला रेषा मारत होते. फक्की खाली ठेवून ते आले आणि म्हणाले, “हात पुढे.”

नऊ नखं बारीक कापलेली होती. डाव्या करंगळीचं मात्र चांगलं वाढवलेलं होतं आणि त्याला लाल रंग लावलेला होता.

“हे कापायला लागेल.”

“काका, लॅबमध्ये ग्लोव्ह्ज घालायला लागतात म्हणून बाकीची कापली. हे एकच ठेवलंय,” ती म्हणाली. “लहानपणी पट्टी खाल्लीय मी या नखासाठी. हे राहू दे ना.”

ते बराच वेळ त्या नखाकडे बघत होते. माझी खात्री होती की आता नेलकटर निघणार. पण ते म्हणाले, “सरावाला चिकटपट्टी गुंडाळ. सामन्याला पट्टी चालत नाही.” तीस वर्षांत त्यांनी कोणाला दिलेली ही एवढीच सवलत मला माहीत आहे.

दोन वर्षं ती करंगळीला पट्टी गुंडाळून सराव करत होती. मुलींना तिने घोट्याची पकड शिकवली. ती पकड तिची चांगलीच आहे. त्या वर्षी आमच्या मुलींच्या संघातली डावी कोपरारक्षक लग्न होऊन बोरिवलीला गेली. मुलींनी आपण होऊन यादीत मानसीचं नाव घातलं आणि यादी माझ्याकडे आली. मी ती सुवाच्य अक्षरात उतरवून समितीकडे दिली. तिथून जे सुरू झालं ते तुम्हाला आठवत असेल.

टपरीवर, मंडळाच्या ग्रुपवर, केशकर्तनालयात, सगळीकडे तोच विषय. परदेशातल्या कुठल्या तरी पोहणाऱ्या बाईचे व्हिडिओ आले. एका निवृत्त शिक्षकांनी हाडांची घनता या विषयावर चार पानं छापून आणून वाटली. “अन्याय आहे मुलींवर” असं ज्यांच्या मुलींनी कधी मैदान बघितलं नाही ते म्हणाले, आणि “जग कुठे चाललंय, तिला खेळू द्या” असं ज्यांनी तिला कधी चहालाही बोलावलं नाही ते म्हणाले. ज्यांच्या म्हणण्यात तथ्य होतं असेही दोन्ही बाजूंना होते, पण त्यांचा आवाज बारीक होता. आमच्या जुन्या खेळाडू बाई आहेत, सत्तरीच्या. त्या म्हणाल्या, “आम्ही हाफ पँट घालून उतरलो तेव्हापण सगळ्यांना मतं होती.” ते ऐकून दोन्ही बाजूंनी माना डोलावल्या आणि भांडण पुढे चालू झालं.

मंडळाने मीटिंग घेतली. सेक्रेटरींनी आधी भाषण केलं, मग म्हणाले, “जास्त घोळ नको. ज्यांना वाटतं तिने खेळू नये, त्यांनी हात वर करा.” मी मोजायला बसलो होतो. मोजणाऱ्याला हात वर करावा लागत नाही, ही सोय मला फार वर्षं पुरली आहे.

बरेच हात वर झाले. मी सतरापर्यंत आलो होतो, तेवढ्यात मागच्या खुर्चीवरून पंच उठले. ते पहिल्या रांगेपाशी आले आणि वर झालेला एक हात धरून खाली घेतला, डोळ्यांजवळ नेला. मग दुसरा. मग तिसरा. त्यांना सवयच होती, हात दिसला की नख बघायची. सभागृहात कोणाला कळेना हे काय चाललंय. रांग संपवून ते सेक्रेटरींना म्हणाले, “यातलं एकही नख कापलेलं नाही. मी यांना मैदानात घेणार नाही.”

आधी कोणीतरी फिस्सकन हसलं, मग सगळेच हसले. हात खाली गेले आणि माझी मोजणी तिथेच राहिली. सेक्रेटरींना राग आला. ते म्हणाले, “मग तुम्हीच सांगा ना तुमचं मत. एवढे शहाणे आहात तर.”

“मत घरी आहे.”

“ठीक आहे. मंडळ काही ठरवत नाही. सामन्याच्या दिवशी पंच म्हणून काय करायचं ते तुम्ही करा. जबाबदारी तुमची.”

असा तो चेंडू त्यांच्या अंगणात पडला. त्या दिवशी घरी परतताना ते खुशीत होते. मनातलं बाहेर आलं की ते मालवणीत यायचं. मला म्हणाले, “कोण लिवचो नाय. तीस वर्सां बघतंय. बोलतले सगळे, लिवचो कोण नाय.” तेव्हा माझ्या लक्षात आलं की या माणसाने आपलं मत न देता मानसीला मैदानात उतरवायची सगळी व्यवस्था मनात करून ठेवली आहे. लोक सही करायला घाबरतात, एवढ्याच भरवशावर.

सामना जोगेश्वरीच्या संघाशी होता. सकाळी वजनं झाली. मानसीचं वजन मर्यादेत होतं. मैदानाभोवती एरवी असते त्याच्या तिप्पट गर्दी होती. सामन्याला आली होती की मानसीला बघायला, ते सांगायला नको. पुढच्या खुर्च्यांवर एका कंपनीच्या संघाची दोन माणसं बसली होती. ती मुली निवडायला आली होती आणि निवड म्हणजे नोकरी, हे दोन्ही संघांना ठाऊक होतं.

चौदा जणी ओळीत उभ्या राहिल्या आणि गर्दीतून आवाज सुरू झाले. “काका, हे चालणार नाय.” “मुलींची मॅच आहे ना ही?” त्यांनी वही काढली. रेषेच्या कडेने ते गर्दीसमोरून हळूहळू चालत गेले, वही उघडी धरून.

“आक्षेप लेखी द्या.”

हाडांची पानं वाटणारे शिक्षक फोनमध्ये बघायला लागले. सेक्रेटरींना मांडवाच्या मागे काहीतरी काम निघालं. एकाने विचारलं, “सही केली तर हे कुठे जाणार?”

“समितीकडे.”

“नाव पण जाणार?”

“नाव पण.”

“मग राहू द्या.”

त्यांनी घड्याळ बघितलं. आवाज बसत गेला. मी टेबलावरून बघत होतो. खरं सांगतो, मला मनातून बरं वाटत होतं. ते वही मिटणार तेवढ्यात ओळीतून एक मुलगी पुढे आली. जोगेश्वरीची कर्णधार, श्वेता नावाची, एकवीस वर्षांची.

“काका, मी लिहिते.”

त्यांनी वही तिच्यापुढे केली. मग खिसा चाचपला, दुसरा चाचपला. त्यांच्याकडे पेन नव्हतं. तीस वर्षांत त्याची गरजच पडली नव्हती. श्वेता माझ्या टेबलाशी आली आणि म्हणाली, “काका, पेन देता?” माझ्या हातात तीन रंगांची तीन पेनं होती. मी निळं दिलं. रिफिल संपली आहे असं म्हणायचं मला सुचलं, पण ते पेन देऊन झाल्यावर.

तिने माझ्या टेबलावर वाकून लिहिलं. अक्षर नीट होतं. मला ते पाठ झालं आहे. “मानसीताईंना मी ओळखते. त्या चांगल्या खेळाडू आहेत. पण त्या आधी मुलांच्या संघातून खेळलेल्या आहेत आणि आमच्या संघातल्या मुलींना हा सामना बरोबरीचा वाटत नाही. मला त्यांचा अपमान करायचा नाही. तरी विचार व्हावा.” खाली पूर्ण नाव आणि सही.

त्यांनी ते वाचलं. पुन्हा वाचलं. मी त्यांना वीस वर्षं बघत होतो, पण चेहऱ्यावरून काही कळावं असा तो पहिला दिवस. ते कलम त्यांचंच होतं. ते मानसीसमोर जाऊन उभे राहिले.

“मानसी, बाहेर बस.”

ती हलली नाही. तिने दोन्ही हात पुढे केले आणि म्हणाली, “काका, नखं तरी बघा.”

ते वाकले. उजवा हात पालथा, मग उताणा. मग डावा. अंगठा, तर्जनी, मधलं, अनामिका. करंगळीशी थांबले. नख अगदी मुळापर्यंत कापलेलं होतं. बुडाशी लाल रंगाची बारीकशी कड तेवढी राहिली होती. त्यांनी ती करंगळी दोन बोटांत धरून ठेवली. मग रीतीप्रमाणे मनगटापासून कोपरापर्यंत अंगठा फिरवला, दोन्ही हातांवर.

“बरोबर आहे,” ते म्हणाले. “काही काढायला जागा नाही.”

मानसी रेषेबाहेर जाऊन बाकावर बसली. ते पुढच्या मुलीकडे सरकले आणि म्हणाले, “हात पुढे.” पण ते वाक्य मला नीट ऐकू आलं नाही.

सामना आम्ही तीन गुणांनी हरलो. श्वेताही त्या दिवशी काही खास खेळली नाही. तिच्या बऱ्याचशा चढाया रिकाम्या गेल्या, दोनदा ती साध्या पकडीत सापडली. कंपनीच्या माणसांनी दुसऱ्याच कोणाची नावं लिहून घेतली. सामन्यानंतर ती बाकाशी आली आणि नुसतीच उभी राहिली. मी गुणपत्रक आवरत होतो, त्यामुळे पुढचं मला ऐकू आलं.

“ताई, सॉरी.”

“लिहिलंस ते बरं केलंस गं,” मानसी म्हणाली. “बाकीचे नुसते बोलत होते.” थोड्या वेळाने ती म्हणाली, “पण मला खेळायचं होतं.” आणि मग ती रडली. श्वेता तिच्या शेजारी बसली. दोघींना काय करावं ते कळत नव्हतं, म्हणून दोघी समोरच्या रिकाम्या मैदानाकडे बघत बसल्या.

मी आणि पंच चढणीच्या रस्त्याने परत निघालो. अर्ध्या वाटेवर मी विचारलंच. “काका, आता तरी सांगा. तुमचं मत काय?”

ते चार पावलं चालले. मग म्हणाले, “माका खराच ठावक नाय.” मला वाटलं संपलं. पण ते थांबले आणि एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले. “माझ्या हातात असतं तर मी तिला खेळवली असती. आणि त्या दुसऱ्या पोरीचा घोटा मोडला असता तर? आणि नसता मोडला तर? चाळीस वर्षं गेज लावलं रे. वजन झालं, तेल झालं, नखं झाली. माझ्याकडची सगळी मापं लावून बघितली, सगळ्यांत बसली. आता कुठलं माप लावायचं ते मला कोणी सांगत नाही. आणि मी वही घेऊन फिरलो, कोणी लिहिणार नाही म्हणून. एक लिहिणारी निघाली तर तिचं पण खरं वाटलं.”

त्यांनी पुढे पंच म्हणून काम केलं नाही. समितीला तसं कळवलं, कारण दिलं नाही.

श्वेताचा आक्षेप समितीकडे गेला होता. समितीने विषय विचाराधीन आहे असं तोंडी सांगितलं. महिनाभराने, एक तारखेला, ते माझ्या घरी आले. हातात कोरा कागद होता. “तुझं अक्षर चांगलं आहे. लिही,” म्हणाले. ते सांगत गेले आणि मी लिहीत गेलो. त्यांनी कोणाला खेळवा म्हटलं नव्हतं की खेळवू नका म्हटलं नव्हतं. पत्रात एवढंच होतं की या स्पर्धेत एकीने नख कापलं आणि दुसरीने सही केली. दोघींनी आपापलं काम केलं आहे. समितीने जाणकारांना विचारावं, मुलींना विचारावं आणि हो की नाही ते दोघींना लेखी कळवावं. खाली त्यांनी सही केली आणि पेन माझ्याकडे परत दिलं.

“तूपण सही करशील?”

“मी कशाला? मी गुणलेखक.”

ते बरं म्हणाले. दर महिन्याच्या एक तारखेला ते येत राहिले. तेच पत्र, तीच सही. चहा घ्यायचे, पत्र लिहून व्हायचं, आणि जाताना तोच प्रश्न विचारायचे. मी दर वेळी तेच उत्तर द्यायचो. त्यांनी कधी दुसऱ्यांदा आग्रह केला नाही. समितीकडून कधी काही आलं नाही. मानसी दर रविवारी सरावाला येत होती, आता पट्टी न गुंडाळता. तिने ते नख पुन्हा वाढवलं नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाली, “उत्तर कधीपण येईल ना काका. ऐन वेळी कापत कुठे बसू?”

गेल्या गणपतीला ते गावी गेले. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, आरतीचं सामान पेटीत भरता भरता, तिकडेच गेले. आम्हाला फोन आला तेव्हा सगळं आटपलं होतं.

वहिनी मुलुंडला परत आल्यावर आम्ही भेटायला गेलो. मंडळाची चार माणसं आणि मानसी. वहिनींनी त्यांच्या वस्तू एका ताटात काढून ठेवल्या होत्या. शिट्टी त्यांनी मानसीपुढे धरली. म्हणाल्या, “तू घे. पंचाची परीक्षा दे. त्यांना बरं वाटेल.” आम्हा सगळ्यांनाच ती कल्पना फार आवडली. चौघांनी एकदम माना डोलावल्या. प्रश्न परस्पर सुटत होता.

मानसीने शिट्टी हातात घेतली, कपाळाला लावली आणि परत ताटात ठेवली. “काकू, शिट्टी नको. मला खेळायचंय.”

वहिनींनी तिच्या पाठीवर हात ठेवला. मला त्यांनी वही दिली आणि नेलकटर दिलं.

एक तारीख आली. संध्याकाळी मी सवयीने कागद घेऊन बसलो. मजकूर पाठच होता. एकीने नख कापलं आणि दुसरीने सही केली, इथपर्यंत आलो, पुढचंही लिहिलं, तारीख घातली. मग सहीची जागा आली. बायकोने दोन कप चहा टाकला होता. ते आता येणार नाहीत हे तिच्याही लक्षात राहिलं नव्हतं.

कागदावर टेकलेल्या माझ्या हाताकडे लक्ष गेलं. टेबलावरचं नेलकटर उचललं आणि वर्तमानपत्र पसरून एकेक करत दहाही नखं कापली. मग पेन घेतलं आणि पत्राखाली माझं पूर्ण नाव लिहून सही केली.